डावीकडे कललेलं नाटक

रंगीत तालीम सुरू व्हायला पाचेक मिनिटं असतील. ताई नेहमीप्रमाणे डाव्या विंगेतल्या आपल्या स्टुलावर बसल्या होत्या, मांडीवर नाटकाची वही उघडी, चष्मा नाकावर चढवलेला. तेवढ्यात दिग्दर्शक आले, त्यांनी वही हळूच उचलून मिटली आणि म्हणाले, "ताई, आज तुम्ही समोर बसा."

"समोर म्हणजे?"

"समोर म्हणजे समोर. प्रेक्षकांत. एकोणीस वर्षांत तुम्ही आमचं एकही नाटक पाहिलेलं नाही, लक्षात आलंय का कधी?"

आधी ताईंना वाटलं, आपल्याला मान दिला जातोय. वाटायला हरकतही नव्हती. एकोणीस वर्षं, बारा नाटकं, आणि एकाही प्रयोगात कुणी अडखळलेलं नाही, हे या हौशी मंडळींत दुसऱ्या कुणाच्या जिवावर झालं होतं? दिग्दर्शकांचं बाजारात चष्म्याचं दुकान होतं, आणि दिवसभर गिऱ्हाइकांना "आता कसं दिसतंय? आणि आता?" असं विचारून तोच सूर त्यांच्या तोंडात बसला होता. तालमीतही ते नटाला चार पावलं उजवीकडे सरकवत आणि विचारत, आता कसं वाटतंय? सगळे त्यांना चष्मेवाले म्हणत, तोंडावर सर म्हणत. ताईंना मात्र सगळेच ताई म्हणत, चष्मेवाले त्यांच्यापेक्षा सहा वर्षांनी मोठे असूनही. ताई पदर सावरून उठल्या, दोन पावलं गेल्या आणि मग वळून म्हणाल्या, "आणि विंगेत कोण बसणार?"

"कुणी नाही."

"परवा प्रयोगाला?"

"परवाही कुणी नाही," चष्मेवाले म्हणाले आणि वही काखेत धरून, जणू काही फार कामं खोळंबलीयत अशा चालीनं, प्रकाशयोजनेकडे निघून गेले.

वही घेतली म्हणून काय झालं? वही ताईंना लागतच नव्हती, ती मांडीवर असली की हातांना बरं वाटे इतकंच. अख्खं नाटक, तिन्ही अंक, त्यांना मुखोद्गत होतं. पायऱ्या उतरून त्या शाळेच्या त्या लांबोड्या हॉलमध्ये आल्या, पहिल्या रांगेतल्या मधल्या खुर्चीत बसल्या, आणि त्यांना एकदम उघडं पडल्यासारखं वाटलं. दुपारचे तीन वाजले होते. खिडक्यांना काळे कागद चिकटवलेले, तरी फटींतून ऊन जमिनीवर सांडलेलं. समोर पडदा. पडद्याची ही बाजू लाल आहे हे ताईंना माहीत होतं, पण माहीत असणं निराळं. आतून तो नेहमी मळका तपकिरी दिसे. घाबरायचं कारण नाही, त्या स्वतःशी म्हणाल्या. तुझ्यावाचून यांचं पान हलत नाही. पहिल्या अंकाच्या दहाव्या मिनिटाला नायकाचं काम करणारे डॉक्टर गडबडतील, चष्मेवाले स्वतः येऊन म्हणतील, ताई, चुकलंच, जा आत. या विचारानं त्यांना चांगलंच बरं वाटलं आणि त्या मागं रेलून बसल्या.

ताईंची नोकरी बसस्थानकातल्या चौकशीच्या खिडकीत. काचेत एक गोल भोक, भोकापलीकडे तोंडं. माणूस म्हणे, "अहो, ती सव्वाचारची—" आणि ताई म्हणत, "फलाट सहा, दहा मिनिटं उशीर." माणूस म्हणे, "म्हातारी आहे बरोबर, तर—" आणि ताई म्हणत, "पुढचं दार, तिसरं बाक, कंडक्टरला सांगा." कुणाचंही वाक्य त्यांनी पुरं होऊ दिलं नव्हतं आणि कुणाचीही बस त्यांच्यामुळे चुकली नव्हती. लोक चकित होत. तिकडचे नवे कारकून म्हणत, ताईंना मनातलं ऐकू येतं. ऐकू येण्यासारखं त्यात काही नव्हतं, ताई म्हणत, माणसं ठरावीकच बोलतात, जरा लक्ष द्यावं लागतं. विंगेतही त्यांची रीत हीच. नट अडकल्यावर शब्द देणारे पुष्कळ असतात. ताई अडकण्याच्या आधी देत. डॉक्टरांच्या, म्हणजे नाटकातल्या नवऱ्याचं काम करणाऱ्या दंतवैद्यांच्या, मानेवर घाम चमकला की एक शब्द. पोस्टमास्तर, जे टपाल खात्यातून निवृत्त होऊन आता नाटकात घर विकत घ्यायला आलेल्या माणसाचं काम करत होते, ते चष्म्याची दांडी चाचपायला लागले की अर्धं वाक्य. आणि धाकटीची टाच. धाकटी म्हणजे ताईंची धाकटी बहीण, या नाटकातली नायिका, गेल्या बारा नाटकांतली नायिका. तिची डावी टाच जमिनीपासून बोटभर उचलली गेली की ताईंनी समजावं, विसरली. त्या आधी श्वास घेत, मग हलकेच शब्द सोडत, आणि धाकटी तो झेलून असा काही टाकी की शेवटच्या रांगेतला माणूस रुमाल शोधे.

पडदा वर गेला. दोन खोल्यांचं घर, बांधून ठेवलेली खोकी, मधोमध रिकामी खुंटी. नवरा-बायको घर विकतायत, सौदा ठरायचाय, आणि बायकोनं अजून सांगितलेलं नाही की नव्या घरात ती जाणार नाहीये. पहिली दोन-चार वाक्यं ताईंनी ओठांनी म्हटली, मग स्वतःला आवरलं, मग पुन्हा म्हटली. डॉक्टर छान बोलत होते. ते ऐटीत होते. पोस्टमास्तर आले तेही व्यवस्थित आले. दहावं मिनिट आलं नि गेलं. ताई वाट बघत राहिल्या, आणि वाट बघता बघता त्यांना जाणवलं की रंगमंचावर काहीतरी चुकतंय. वाक्यं बरोबर होती. येणं-जाणं बरोबर होतं. मग? त्यांनी मान वाकडी करून पाहिलं. सोफा डावीकडे. टेबल डावीकडे. उजवीकडे तीन खोकी आणि एवढा मोठा मोकळा चौक, जिथं कुणी फिरकतच नव्हतं. पोस्टमास्तर डॉक्टरांशी बोलताना डॉक्टरांकडे बघत नव्हते, त्यांच्या खांद्यावरून, डाव्या विंगेकडे बघत होते. डॉक्टरांचा डावा कान पुढे आलेला. धाकटी सोफ्याच्या डाव्या कोपऱ्यात, तीही अशी तिरकी, की तिचा अर्धाच चेहरा समोर येत होता. सगळी माणसं एका बाजूला झुकली होती, भरलेली बस वळणावर झुकते तशी, आणि ज्या बाजूला झुकली होती तिथं एक रिकामं स्टूल होतं.

ताईंना हसूच आलं. आधी आलं. मग त्यांनी आठवायचा प्रयत्न केला. उजवी विंग पहिल्यापासून मोडक्या बाकांनी भरलेली, म्हणून त्या डावीकडे बसू लागल्या. पहिल्या नाटकात सोफा मध्ये होता. हो, मध्येच होता, कारण त्यांना तिथवर आवाज पोचवायला त्रास व्हायचा, आणि त्यांनीच चष्मेवाल्यांना सांगितलं होतं, जरा इकडे घ्या ना. मग दुसऱ्या नाटकात पलंग इकडे. तिसऱ्यात न्यायाधीशाची खुर्ची इकडे. बारा नाटकं या मंडळींनी प्रेक्षकांच्या उजव्या हाताच्या चार रांगांना पाठ दाखवून केली होती आणि कुणाच्याही ते ध्यानात आलं नव्हतं. की आलं होतं, आणि ताईंना कोण बोलणार म्हणून सगळे गप्प बसले होते? हे त्यांना नकोसं वाटलं. चारचौघांत आपल्या साडीला काही लागलंय आणि ते सकाळपासून सगळ्यांना दिसतंय, असं काहीसं. पहिला अंक संपला तेव्हा त्या टाळ्या वाजवायला विसरल्या. टाळ्या वाजवायला दुसरं कुणी नव्हतंच.

मधल्या वेळात चहा आला. चष्मेवाले कागदी पेला घेऊन शेजारी बसले आणि म्हणाले, "आता कसं दिसतंय?"

"डावीकडे कललंय."

"कललंय खरं."

"मग इतकी वर्षं तोंडात मिठाची गुळणी धरून बसला होतात?"

"मलाही गेल्या महिन्यात दिसलं," ते म्हणाले. "एरवी मी वर स्टेजवरच असतो. एकदा उशीर झाला म्हणून मागच्या दारानं आत आलो आणि मागूनच बघत राहिलो, तेव्हा. सोफा कधीही उचलता येतो, ताई. माणसांचं कसं करायचं कळेना."

"म्हणून मला उचललं."

"मी नाही उचललं." चष्मेवाल्यांनी पेल्यात बघितलं. "तुमच्या बहिणीनं सांगितलं. तिसऱ्या अंकात, सगळी दारं लावते म्हणतानाच्या जागी, तिला थांबायचंय. मीही तिथं 'थांबा' असं वहीत लिहिलंय, तुम्ही वाचलंही असेल. पण ती थांबली की तुम्ही शब्द देता. ती म्हणाली, ताई विंगेत असली तर मला थांबताच येणार नाही. मी म्हटलं, तूच सांग ना. तर म्हणाली, तिला सांगायला गेले तर ती माझं वाक्य पुरं करेल."

चहा गोड होता का कडू हे ताईंना सांगता आलं नसतं. राग आला, आणि तो त्यांना अगदी स्पष्ट आला. मी? मी हिला बोलायला शिकवलं! चार वर्षांची होईतो ही पोरगी ब्र काढत नव्हती. घरी कुणी आलं, नाव काय गं बाळ, की ही टाच उचलून, जमिनीकडे बघत उभी, आणि ताई फ्रॉकच्या खिशात हात घालून तिचं नाव, वय, इयत्ता, आवडता रंग सांगून मोकळ्या. तोंडी परीक्षेला बाई म्हणत, हिची बहीण बाहेर उभी राहू दे, नाहीतर ही रडेल. ताई दाराच्या काचेतून ओठ हलवीत आणि धाकटी उत्तर देई. आई कौतुकानं सांगायची, एकीला जीभ दिली आणि दुसरीला कान, माझ्या पोरींना मिळून सगळं आहे. मोठेपणी ही ग्रंथालयात लागली, फाटक्या पुस्तकांची बांधणी करायला. तिथं दिवसभर बोलायची गरज नाही, हातांना खळीचा वास, संध्याकाळी दोन खोल्यांत दोघी बहिणी. पहिल्याच नाटकातली नटी तापानं पडली तेव्हा हिला पुढे ढकलली कुणी? मी इथं आहे, तू फक्त मी सांगते ते म्हण, असं कोण म्हणालं? आणि ही आता दुसऱ्याकरवी सांगते, ताईला बाहेर बसवा.

दुसरा अंक ताईंनी पाहिला म्हणजे डोळे उघडे ठेवले. रागात त्यांना एक समाधान होतं, आणि ते त्या गोंजारत होत्या. पडू दे तोंडावर. पडल्यावर कळेल. पण नाटक पडत नव्हतं. डॉक्टर एकदा खरंच अडकले, मानेवर घाम आला, त्यांनी डाव्या विंगेकडे बघितलं, आणि पोस्टमास्तरांनी शांतपणे एक खोकं उचलून दुसरीकडे ठेवलं. तेवढ्या वेळात डॉक्टरांना आठवलं. इतकं सोपं! खोकं उचलायचं आणि ठेवायचं. ताईंना वाटलं, आपण उगाच इतकी वर्षं कंबर मोडून स्टुलावर बसलो. मग वाटलं, नाही, उगाच नाही, आपण चांगलं काम केलं, फार चांगलं केलं, आणि तेच जरा नडलं असावं. हा विचार त्यांना रुचला नाही, पण तो खरा होता, आणि खऱ्या गोष्टीशी हुज्जत घालायचा ताईंचा स्वभाव नव्हता. बस गेली तर गेली म्हणून सांगावं, असं त्या खिडकीतही करत.

तिसऱ्या अंकात घर विकलेलं. पोस्टमास्तर किल्ल्या घेऊन गेलेले. नवरा-बायको दोघंच, आणि उजेड पिवळा, कमी होत जाणारा. धाकटी उठली. सोफ्याच्या कोपऱ्यातून निघून ती चालत त्या मोकळ्या चौकाकडे गेली, जिथं सबंध नाटकात कुणी गेलं नव्हतं, आणि तोंड समोर करून उभी राहिली. ताईंनी आपल्या बहिणीचा पुरा चेहरा रंगमंचावर प्रथमच पाहिला. हनुवटी आईची होती. "अकरा वर्षं मी या घराची दारं लावली," ती म्हणाली. "तू झोपलास की एकेक करून सगळी." आणि थांबली.

पुढचं वाक्य होतं, आता मला जाऊ दे. चार शब्द. ताईंच्या जिभेवर ते येऊन बसले. धाकटीची डावी टाच उचलली गेली, बोटभर, आणि ताईंचं सगळं अंग पुढे झालं, श्वास घेतला गेला, खुर्चीचा दांडा त्यांनी गच्च धरला. विसरली. विसरली ही. सांग! डॉक्टरांची मान डावीकडे वळली. दिव्यांशी बसलेल्या माणसाचीसुद्धा वळली. धाकटीची वळली नाही. ती समोर बघत होती, टाच वर, ओठ मिटलेले, आणि तिच्या गळ्याशी काहीतरी हळूहळू वर चढत होतं. ताईंना ते दिसत होतं. विंगेतून त्या टाचेकडेच बघत, चेहऱ्याकडे कधी बघितलंच नव्हतं. हा विसरलेल्या माणसाचा चेहरा नव्हता. विसरलेला माणूस मागं जातो, ही पुढे येत होती. टाच उचलून ती, उडी मारायच्या आधी मूल करतं तसं, अंगातलं सगळं गोळा करत होती. म्हणजे टाच वर जाई ती हिला आता बोलायचंय म्हणून. चार वर्षांची असल्यापासून. दरवेळी. आणि दरवेळी नेमक्या त्याच क्षणी ताईंनी तोंड उघडलं होतं.

किती वेळ गेला कोण जाणे. हॉलमध्ये कुठंतरी पंखा कुरकुरत होता. मग टाच खाली टेकली आणि धाकटी म्हणाली, "मी जाते."

'जाऊ दे' नाही, 'मी जाते'. वहीत असं नव्हतं. एरवी एक 'आणि' इकडचा तिकडे झाला तरी ताईंच्या कपाळाला आठ्या पडत. आज त्यांना वाटलं, बरोबर आहे, ही बाई असंच म्हणणार. मग वाटलं, पण मला हे सुचलं नसतं. मला पुढचं वाक्य माहीत नव्हतं. आणि हे वाटल्याबरोबर ज्या एका दुपारच्या जवळ त्या सहसा जात नसत, ती दुपार येऊन उभी राहिली. चोवीस वर्षांपूर्वीची. जमीनमोजणी खात्यातला एक उंच, वाकून चालणारा माणूस, ग्रंथालयात नकाशांच्या फाटक्या घड्या बांधायला आणून देणारा. वर्षभर आणून देत होता. त्याची बदली झाली, दूर, दोन दिवसांच्या प्रवासावर, आणि त्यानं घरी येऊन, ताईंच्यासमोरच, सरळ विचारलं, तुम्ही माझ्याबरोबर याल का? धाकटी खिडकीशी उभी होती. "मी—" ती म्हणाली. टाच उचलली. आणि ताई म्हणाल्या, "तिला इथलं सोडून जायचं नाहीये." तो धाकटीकडे बघत राहिला. धाकटी जमिनीकडे. मग तो चहाची बशी नीट ठेवून गेला. ताईंचा नवरा जाऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं, आणि त्या दोन खोल्यांत धाकटी नसेल ही कल्पनाच त्यांना करवत नसे. हे त्यांना तेव्हाही माहीत होतं. पण त्यांनी स्वतःला चोवीस वर्षं हेच सांगितलं होतं, की मी फक्त तिला जे म्हणायचं होतं ते म्हटलं, ती नेहमीसारखी अडकली होती म्हणून. तिला नाहीच म्हणायचं होतं. मला माहीत नसणार तर कुणाला?

पडदा पडला. पलीकडे हशा, खुर्च्या सरकवल्याचे आवाज, डॉक्टर मोठ्यानं म्हणाले, "अरे, जमलं की!" चष्मेवाल्यांनी ओरडून सांगितलं की पाच मिनिटांनी तिसरा अंक पुन्हा घ्यायचा, सोफा मध्ये सरकवून. धाकटी पायऱ्या उतरून खाली आली, रंग लावलेल्या चेहऱ्यानं, नाटकातली जुनी शाल खांद्यावर, आणि ताईंच्या शेजारच्या खुर्चीत बसली. एक्कावन्न वर्षांची, पाठ ताठ. ती माफी मागणार असं ताईंना वाटलं, आणि काय म्हणेल तेही सगळं त्यांना तयार ऐकू आलं. धाकटीनं माफी मागितली नाही.

"कसं झालं?" तिनं विचारलं.

"चांगलं झालं," ताई म्हणाल्या. "खूपच चांगलं झालं गं." मग त्यांनी ओठ घट्ट मिटले, पुन्हा उघडले. उभ्या जन्मात त्यांना प्रश्न विचारायची सवय नव्हती, खिडकीच्या त्या बाजूला लोक विचारतात. "तो मोजणीवाला आला होता ना घरी. तू 'मी' म्हणालीस आणि... मी मध्ये बोलले. तुला काय म्हणायचं होतं?"

धाकटी त्यांच्याकडे बघत राहिली. तिला आठवायला वेळ लागला नाही, तो बोलायला लागत होता. ताईंना दोन उत्तरं समोर दिसत होती, एक हो आणि एक नाही, दोन्ही ओठांपर्यंत आलेली. त्यांनी दातांनी जीभ धरून ठेवली. जमिनीकडे बघायचं नाही, टाचेकडे बघायचं नाही, नुसतं थांबायचं. पलीकडे सोफा फरफटत मध्ये येत होता.

"मी म्हणणार होते," धाकटी म्हणाली, "की मला आठ दिवस द्या."

"आठ दिवस?"

"विचार करायला. मला काही कळतच नव्हतं तेव्हा. हो म्हणायचं का नाही ते. आठ दिवसांत कळलं असतं."

"एवढंच?"

"एवढंच."

ताईंना वाटलं होतं की उत्तर ऐकून एकतर सुटका होईल किंवा जन्माचा घोर लागेल. यातलं काहीच झालं नाही. फक्त ते आठ दिवस त्यांना दिसले, सोमवार, मंगळवार, बुधवार असे, रिकामे, उन्हाचे, कुणी वापरलेले नाहीत असे. धाकटी सकाळी कामाला जातेय, संध्याकाळी येतेय, खिडकीशी उभी राहतेय, आणि ताई स्वयंपाकघरात गप्प आहेत. आठ दिवस गप्प राहणं काही फार नव्हतं. तेवढं त्यांना करता आलं असतं.

"दिले असते गं त्यानं," त्या म्हणाल्या. आवाज चौकशीच्या खिडकीतला नव्हता.

"हो," धाकटी म्हणाली. "दिले असते."

चष्मेवाल्यांनी टाळी वाजवली. धाकटी उठली, शाल सारखी केली, ताईंच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो काही वेळ तसाच राहू दिला. मग म्हणाली, "ताई, इथं नको बसूस आता. मागं जा जरा. तुझे ओठ हलताना दिसतात मला वरून."

"बरं," ताई म्हणाल्या.

त्या पाचव्या रांगेत जाऊन बसल्या. तिथून अजून सगळं फार स्पष्ट दिसत होतं. मग पुन्हा उठल्या, पर्स उचलली, आणि उजव्या हाताच्या रांगांमधून आणखी मागं गेल्या.